रुपयांच्या मागे मुंग्यांची रांग: वर्डचा मॅक्रो थांबतच नाही तेव्हा

गेल्या जत्रेच्या आधीची गोष्ट. गोव्यात फोंड्याकडच्या एका देवस्थानच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं, शंभरच्या आतबाहेर पानं आणि त्यातली निम्मी नुसती देणगीदारांची यादी, नाव, गाव, रक्कम. यादीत सगळीकडे 'रु' लिहिलेलं, पुढे टिंब नाही. कमिटीने सांगितलं टिंब पाहिजे. आता माझ्याकडे एक जुना मॅक्रो होता, म्हणजे वर्डने आपोआप करायच्या कामाचा लिहून ठेवलेला हुकूम, दोन स्पेस शोधायच्या, तिथे एकच ठेवायची, आणि जोपर्यंत दोन स्पेस सापडतायत तोपर्यंत हेच परत परत करायचं. कित्येक वर्षं बिनतक्रार चालणारा मॅक्रो. मी काय केलं, त्यातच दोन स्पेसच्या जागी 'रु' घातलं, एका स्पेसच्या जागी 'रु.' घातलं, रन केलं आणि खाली चा आणि मिरची भजी खायला गेलो.

वर आलो तर स्क्रीन पांढरी, कर्सरचा गोळा फिरतोय. कसाबसा थांबवला. प्रूफ तपासायला आलेले मास्तर माझ्या मागे उभे, चष्मा वर करून म्हणतात, "अरे, ही रुपयांच्या मागे मुंग्यांची रांग कसली रे?"

प्रत्येक 'रु' पुढे टिंबंच टिंबं. मी एका ठिकाणची सिलेक्ट करून वर्डलाच मोजायला लावली, ३१२. दुसऱ्या पानावर, ३१२. शेवटच्या पानावर, तिथेही ३१२. आणि यादीत एक गुरुदास होते त्यांचं 'गुरु' एका ओळीत आणि 'दास' चार ओळी खाली, मध्ये सगळी टिंबं. कारण 'गुरु' मध्येही 'रु' आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर हा लेख त्या ३१२ टिंबांवर आहे असं समजा. ज्यांना कोडिंग येत नाही पण मॅक्रो रेकॉर्ड करून, कुठून तरी कॉपी करून, हल्ली एआयकडून लिहून घेऊन काम उरकतात अशा माझ्यासारख्यांसाठी. उदाहरणं मायक्रोसॉफ्ट वर्डच्या व्हीबीएची, म्हणजे वर्डचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिची, आहेत कारण आमच्याकडे ऑफिसांत, वकिलांकडे, डीटीपीवाल्यांकडे तेच चालतं.

आधी लूप म्हणजे काय. रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते ती बघा, गेली, आली, गेली, आली. ती थांबते केव्हा? पाणी संपलं म्हणून नाही थांबत, नदी काही संपत नाही. रात्री शेवटची ट्रिप झाली की थांबते, म्हणजे कोणीतरी घड्याळ बघणारा माणूस आहे आणि घड्याळ पुढे सरकतंय. या दोन गोष्टी पाहिजेत, बघणारा पाहिजे आणि तो ज्याच्याकडे बघतोय ते सरकलं पाहिजे. मॅक्रोतल्या लूपमध्ये 'डू व्हाइल' च्या पुढे जी अट असते ती बघणारा, आणि लूपच्या पोटात जे काम होतं त्याने काहीतरी सरकतं. लूप अडकला म्हणजे नव्वद टक्के वेळा काम चालूच असतं, एकदम मन लावून चालू असतं, फक्त त्या कामाने अट जिथे बघतेय ते काही हलत नसतं.

माझा दोन स्पेसवाला मॅक्रो का थांबायचा ते आता कळतं. पाच स्पेस असतील तर पहिल्या फेरीत तीन होतात, मग दोन, मग एक, मग सापडायचं बंद. प्रत्येक फेरीत माल कमी होतो. 'रु' चं काय? 'रु' काढून 'रु.' ठेवलं, त्यात 'रु' आहेच. माल जेवढा होता तेवढाच, वर एक टिंब जास्त. मॅक्रोला विचारलं 'रु' आहे का, तो म्हणणार आहे, मग परत. त्याची काही चूक नाही, त्याला जे सांगितलं तेच त्याने ३१२ वेळा केलं. बदलून ठेवलेल्या मजकुरात शोधलेला मजकूर असेल तर लूप लावायचाच नाही, साधं एकदा 'रिप्लेस ऑल' पुरतं, कारण एका 'रिप्लेस ऑल' च्या फेरीत वर्ड स्वतः बदललेल्या मजकुरावर परत जात नाही. मला लूप नकोच होता. दोन स्पेसच्या मॅक्रोला होता म्हणून राहिला.

आता घाईतल्या लोकांसाठी, समोर मॅक्रो अडकलाय तर थांबवायचा कसा. कंट्रोल आणि ब्रेक. ब्रेक म्हणजे तेच जे बटण पॉज म्हणून असतं. बऱ्याच नवीन लॅपटॉपवर ते नसतंच, कंपनीगणिक एफएन धरून बी किंवा एस किंवा आणखी काहीतरी असतं, ते आत्ताच शोधून कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा, आग लागल्यावर विहीर खणायला नको. काहीच नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, त्यात पॉज आहे. एस्केपही काही वेळा चालतं. दोन-चारदा दाबा, लगेच नाही ऐकलं म्हणून टास्क मॅनेजरने वर्ड मारू नका, कारण मारलंत तर दुसऱ्या उघड्या फाईलींमधलं न सेव्ह केलेलं कामही जाईल, आणि मुख्य म्हणजे मॅक्रो कुठे अडकला होता तो पुरावा जाईल. ब्रेक लागला की एक डबा येतो, त्यात 'एंड' आणि 'डीबग' अशी बटणं असतात. सगळे 'एंड' दाबतात. 'डीबग' दाबा. कोडची जी ओळ चालू होती ती पिवळी होऊन दिसते, चोर जागेवर पकडल्यासारखं.

आणि हो, थांबल्यावर सवयीने कंट्रोल एस मारू नका. हे लिहायची गरज पडू नये, पण मी स्वतः मारलेलं आहे. फाईल वनड्राइव्हवर असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर तुम्ही न मारताही सेव्ह होत असतं, मग व्हर्जन हिस्टरीतून मागची प्रत काढावी लागते. म्हणून मॅक्रो पहिल्यांदा चालवायचा तो कॉपीवर. नेहमी.

थांबवला. आता कोड बघायच्या आधी फाईल बघा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्या ३१२ टिंबांनी शिकवलं. लूप जिथे फिरला तिथे तो कचरा टाकून जातो आणि कचरा कुठे साचलाय त्यावरून अर्धं निदान होतं. माझ्या फाईलीत सगळीकडे सारखी टिंबं होती, म्हणजे मॅक्रो पूर्ण डॉक्युमेंटला प्रदक्षिणा घालत होता, एक पूर्ण, दोन पूर्ण, अशा ३१२. कचरा जर एकाच जागी ढीगभर असेल आणि बाकी फाईल कोरी असेल तर मॅक्रो त्या एका जागेवर रुतलाय, चिखलात टायर फिरतो तसा. आणि कचराच नाही, फाईल जशीच्या तशी, पण मॅक्रो संपत नाही, तर तो बदल करायचा प्रयत्न करतोय आणि बदल होतच नाहीये. तीन वेगळे रोग आहेत, औषध वेगळं.

प्रदक्षिणावाल्याचं पहिलं. वर्डमध्ये शोधताना 'रॅप' नावाची एक सेटिंग असते, डॉक्युमेंटच्या शेवटाला पोचल्यावर काय करायचं ते सांगणारी. 'फाइंड स्टॉप' म्हणजे शेवट आला की थांब, 'फाइंड कंटिन्यू' म्हणजे शेवट आला की वरून परत सुरू कर, आणि तिसरी 'फाइंड आस्क', म्हणजे विचार. गंमत म्हणजे तुम्ही शोधायचा मॅक्रो रेकॉर्ड केलात की रेकॉर्डर साधारणपणे 'कंटिन्यू' लिहून ठेवतो. नुसता रेकॉर्ड केलेला मॅक्रो एकदा चालतो, काही बिघडत नाही. पण आपण हुशार, आपण त्या रेकॉर्ड केलेल्याभोवती 'डू व्हाइल' गुंडाळतो, 'सापडतंय तोपर्यंत चालू दे', आणि कंटिन्यूमुळे शेवट कधी येतच नाही. समजा तुम्हाला फक्त शब्द पिवळा करायचाय, बदलायचाही नाहीये. शब्द आहे तिथेच राहणार, मॅक्रो खाली जाणार, वर येणार, परत तेच शब्द पिवळे करणार. इथे तर कचराही दिसत नाही कारण पिवळ्यावर पिवळा मारला तर दिसणार काय. जिथे एकेक सापडून त्यावर काम करायचंय तिथे 'फाइंड स्टॉप', आणि सुरुवात डॉक्युमेंटच्या पहिल्या अक्षरापासून. माझ्या मते रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत सगळ्यात आधी बघायची ओळ हीच.

आता रुतलेला. एकदा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पंचायतींची माहिती असलेली एक फाईल होती, तिथे 'सत्तरी' चं 'सत्तरी तालुका' करायचं होतं. मी शहाणपणा करून 'फाइंड स्टॉप' घातलेलं, प्रदक्षिणेचा प्रश्नच नाही. तरी अडकला. फाईल उघडून बघतो तर पहिल्याच ओळीत 'सत्तरी तालुका तालुका तालुका तालुका' असं दोन पानं, बाकी फाईल जशीच्या तशी. कारण असं की रेंज, म्हणजे मॅक्रो ज्यावर बोट ठेवतो तो मजकुराचा तुकडा, वापरून शोधलं की जो मजकूर सापडतो तेवढीच ती रेंज होते, म्हणजे बोट त्या शब्दावर येतं. तिथे मी 'सत्तरी तालुका' लिहिलं की बोट आता त्या दोन शब्दांवर पसरलं. पुढचं शोध म्हटलं तर वर्ड आधी बोटाखालचंच बघतो, आणि बोटाखाली 'सत्तरी' आहेच. परत सापडलं. उपाय एका ओळीचा, बदल झाल्यावर रेंज 'कोलॅप्स' करायची आणि ती शेवटाकडे, 'कोलॅप्स एंड'. म्हणजे बोट उचलून शब्दाच्या पलीकडे ठेवायचं. नुसतं 'कोलॅप्स' लिहिलंत, दिशा दिली नाहीत, तर ते सुरुवातीकडे जातं आणि मग परत तोच शब्द समोर. ही चूक मी दोनदा केली. (आणि मॅक्रो दुरुस्त झाल्यावर चालवला तेव्हा त्याच फाईलीतल्या एका प्रस्तावनेत 'वयाची सत्तरी तालुका ओलांडलेले ज्येष्ठ नागरिक' असं झालं. तो लूपचा प्रॉब्लेम नाही, तो माझा प्रॉब्लेम.)

कोलॅप्स करूनही रुतायची एक जागा आहे ती म्हणजे टेबल. फॉरमॅट शोधत असाल, समजा पिवळं हायलाइट केलेलं सगळं, आणि ते हायलाइट टेबलच्या एका खणाच्या अगदी शेवटपर्यंत असेल, तर प्रत्येक खणाच्या शेवटी वर्डची एक अदृश्य खूण असते, तिच्या अलीकडे बोट अडतं. पुढे सरकवलं असं आपल्याला वाटतं, पण ते त्याच खणात असतं आणि तोच खण परत सापडतो. मग तिथे सांगावं लागतं की टेबलमध्ये आहेस आणि खणाच्या शेवटाला पोचलायस तर रेंजचा शेवट खणाच्या शेवटाएवढा कर आणि मग कोलॅप्स कर, आणि ओळीच्या टोकाला असशील तर आणखी एक पाऊल पुढे. टेबल असलेल्या फाईलीतच मॅक्रो अडकतो, बाकी ठिकाणी नीट चालतो, अशी तक्रार ऐकली की मी डोळे झाकून हेच बघतो.

तिसरा रोग, बदल होतच नाही, हा सगळ्यात छळणारा, कारण कोड बरोबर असतो. कोड कितीही वेळा वाचा, बरोबरच असतो.

एका वकिलांच्या ऑफिसात खरेदीखतांचे ड्राफ्ट साफ करायला मी तोच दोन स्पेसवाला मॅक्रो दिला होता, तोच, जो माझ्याकडे कधीच अडकला नाही. फोन आला, अडकला. मी म्हटलं शक्यच नाही. गेलो, बघतो तर फाईलवर 'ट्रॅक चेंजेस' चालू. ट्रॅक चेंजेस चालू असताना खोडलेलं खोडलं जात नाही हो, ते लाल होऊन त्यावर आडवी रेघ येते, पण ते डॉक्युमेंटमध्ये आहेच, कोणीतरी अ‍ॅक्सेप्ट करेपर्यंत. मॅक्रोने दोन स्पेस खोडल्या, एक नवीन घातली, मग बघितलं तर त्या दोन स्पेस तिथेच बसलेल्या, लाल कपडे घालून. परत खोडल्या. तिथली क्लार्क म्हणाली, "सर, मला वाटलं काम जास्त आहे म्हणून वेळ लागतोय." वाट बघत बसली होती बिचारी जेवायच्या सुट्टीपर्यंत.

उपाय असा की मॅक्रोच्या सुरुवातीला ट्रॅकिंग चालू आहे का ते एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या आठवणीतल्या एका नाव दिलेल्या डबीत, लिहून ठेवायचं, बंद करायचं, काम करायचं, शेवटी होतं तसं करायचं. पण वकिलांच्या फाईलीत हे त्यांना विचारल्याशिवाय करू नका, कोणी कुठे काय बदललं हे दाखवणं हेच त्यांचं काम असतं. आणि आधी कोणीतरी खोडून ठेवलेलं लाल मजकूर तर ट्रॅकिंग बंद केल्यावरही तिथेच असतं, स्क्रीनवर दिसत असेल तर शोधात सापडतं. म्हणून अशा फाईलीत मी लूपच काढून टाकला, फेऱ्या मोजून चार, बस. चार फेऱ्यांत जेवढं होतं तेवढं.

याच जातीचा दुसरा, रिकाम्या ओळी काढणारा मॅक्रो. दोन पॅराग्राफच्या खुणा शोध, एक ठेव, सापडतंय तोपर्यंत. कागदावर दोन स्पेसचाच भाऊ, दर फेरीत माल कमी व्हायला पाहिजे. पण डॉक्युमेंटची सगळ्यात शेवटची पॅराग्राफची खूण वर्ड काढू देत नाही, काहीही करा, ती राहणार. म्हणजे फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ असली की तिथे दोन खुणा असतात, सापडतात, आणि काढता येत नाहीत. टेबलच्या लगेच वरच्या रिकाम्या ओळीचीही तीच कथा. बदल केला असं वर्ड म्हणतो, पण ओळ तिथेच. तुम्हाला हे हाताने करून बघायचं असेल तर 'रिप्लेस ऑल' परत परत दाबा, दर वेळी 'एक बदल केला' असाच मेसेज येत राहतो, आकडा शून्यावर येतच नाही. हा छोटा प्रयोग मी कुठल्याही 'सापडतंय तोपर्यंत' मॅक्रोच्या आधी करतो, हाताने चार-पाचदा रिप्लेस ऑल, आकडा उतरतोय का बघायचं. उतरत उतरत शून्यावर आला तर लूप लावायला हरकत नाही. कुठेतरी अडून बसला, तर लूपही तिथेच अडून बसणार.

इथे एक बोलायलाच पाहिजे, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. कॉपी केलेल्या मॅक्रोत ही ओळ बहुतेक असतेच, अर्थ असा की चूक झाली तरी बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. लोकांना आवडते कारण एररचे डबे यायचे बंद होतात. पण समजा तुम्ही लिहिलंय, कमेंट शिल्लक आहेत तोपर्यंत पहिली कमेंट डिलीट कर. फाईल प्रोटेक्ट केलेली आहे, डिलीट होत नाही, एरर येते, एरर गिळली जाते, कमेंट शिल्लक आहेत, परत. आणि त्याहून वाईट, एरर जर 'डू व्हाइल' च्या अटीतच आली तर पुढची ओळ म्हणजे लूपच्या पोटातली पहिली ओळ, म्हणजे अट खरी ठरल्यासारखा तो आत शिरतो. अडकलेला मॅक्रो हातात आला की ती ओळ मी आधी बंद करतो, आणि अर्ध्या वेळा तिथेच खरी एरर तोंडावर येते, काम झालं. घरातला धुराचा वास येऊ नये म्हणून नाक बंद करून बसण्यासारखी आहे ती ओळ.

काही लूप स्वतःच स्वतःला खाऊ घालतात. 'फॉर ईच' ने प्रत्येक पॅराग्राफवर जायचं आणि त्याच्याखाली एक रिकामा पॅराग्राफ घालायचा. घातला की तोही पॅराग्राफच ना, पुढचा नंबर त्याचा, त्याच्याखाली आणखी एक. फाईल खाली खाली वाढत जाते आणि मॅक्रो तिच्या मागे धावत राहतो. उलटं मोजा, शेवटच्या पॅराग्राफपासून पहिल्याकडे या, म्हणजे नवीन घातलेलं सगळं तुमच्या पाठीमागे राहतं. तसं खरं सांगायचं तर अंतर पाहिजे असेल तर रिकामा पॅराग्राफ घालायचाच कशाला, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये खाली जागा सोडता येते, पण ते सांगून कोण ऐकतं.

तसंच फोल्डरचं. 'डिर' वापरून एका फोल्डरमधल्या सगळ्या फाईली एकेक उघडायच्या, दुरुस्त करायच्या, सेव्ह करायच्या. लूपच्या शेवटी परत एकदा 'डिर' म्हणून पुढच्या फाईलचं नाव घ्यायचं असतं, ती ओळ राहिली की तीच एक फाईल उघडतेय, बंद होतेय, उघडतेय. हे ओळखायला सोपं, स्क्रीनवर तेच नाव चमकत राहतं. दुसरी तऱ्हा जरा मजेशीर, दुरुस्त केलेली फाईल त्याच फोल्डरमध्ये नावापुढे 'नवीन' लावून सेव्ह केली, तर ती नवी फाईलही यादीत येऊ शकते, मग तिच्यावर काम, मग 'ना-हरकत-नवीन-नवीन-नवीन'. नव्या फाईलींना वेगळं फोल्डर द्या, नाहीतर सुरू करायच्या आधी सगळी नावं एकदाच गोळा करून ठेवा.

आता आपल्या मराठीची खास भानगड, जी इंग्रजीवाल्यांच्या मदतीत सापडत नाही. व्हीबीएचा एडिटर जुना आहे, त्याला युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत, नीट कळत नाही. तुम्ही कोडमध्ये 'गोवा' असं पेस्ट केलंत तर साधारणपणे तिथे चार प्रश्नचिन्हं उमटतात. बरं, वर्डच्या शोधात वाइल्डकार्ड, म्हणजे एका खुणेने कुठलीही अक्षरं शोधायची सोय, चालू असेल तर प्रश्नचिन्हाचा अर्थ काय? कुठलंही एक अक्षर. म्हणजे तुम्ही शोधताय 'गोवा' आणि मॅक्रो शोधतोय कुठलीही चार अक्षरं. ती कधी संपणार? फाईलीत चार अक्षरं आहेत तोपर्यंत सापडतच राहणार. मराठी शब्द द्यायचा तर अक्षराचा नंबर द्यावा लागतो, 'सीएचआर डब्ल्यू' नावाचं फंक्शन आहे, त्यात ग म्हणजे २३२७, ओकाराची मात्रा २३७९, व २३५७, काना २३६६. हे चार जोडले की 'गोवा'. कंटाळवाणं आहे, पण रेकॉर्डर हे स्वतः करतो, म्हणून मराठी शब्दाचं शोधणं आधी रेकॉर्ड करायचं आणि त्यातून नंबर उचलायचे. दुसरा सोपा मार्ग म्हणजे शोधायचे-बदलायचे शब्द कोडमध्ये न ठेवता एका वेगळ्या वर्ड फाईलीत दोन रकान्यांच्या टेबलमध्ये ठेवायचे आणि मॅक्रोने तिथून वाचायचे. मी आता सगळीकडे तेच करतो, मास्तरांनासुद्धा शब्द घालता येतात.

आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या' मधला तो अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक म्हणजे नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जॉइनर, ज्याचा नंबर ८२०५. दिसायला सारखेच. यादी चार जणांनी टाइप केलेली असते तेव्हा दोन्ही असतात. लूपची अट एका तऱ्हेचा र शोधतेय आणि आतलं काम दुसऱ्या तऱ्हेचा बदलतंय असं झालं की बघणारा वेगळा आणि करणारा वेगळा, दोघांची गाठच पडत नाही, आणि तुम्ही तासभर त्याच ओळीकडे बघत बसता कारण डोळ्याला सगळं बरोबर दिसतं. अट आणि काम दोघांनाही तोच एक व्हेरिएबल द्या.

कारण सापडत नसेल तर मग हळू चालवायचं. व्हीबीए एडिटरमध्ये एफ८ दाबलं की एकच ओळ चालते. एकदा एफ८, एक ओळ. वर्डची खिडकी बाजूला उघडी ठेवा, अर्धी स्क्रीन कोड, अर्धी फाईल, आणि तीनच फेऱ्या चालवून बघा. तीन पुरतात. पहिल्या फेरीनंतर बोट कुठे आहे, दुसरीनंतर कुठे, तिसरीनंतर कुठे. 'डीबग प्रिंट' लिहून रेंजची सुरुवात कितव्या अक्षरावर आहे ते छापा, कंट्रोल जी दाबलं की खाली ती खिडकी येते. १०४, २८८, ५१० असं दिसलं तर गाडी पुढे चाललीय. १०४, १०४, १०४ दिसलं तर रुतलीय. १०४, २८८, ५१० आणि परत १०४ दिसलं तर प्रदक्षिणा. हे आकडे खोटं बोलत नाहीत, कोड वाचून जे कळत नाही ते यात दोन मिनिटांत कळतं.

यावरूनच मी प्रत्येक लूपमध्ये आता एक चौकीदार बसवतो. मागच्या फेरीत बोट कुठे होतं ते लक्षात ठेवायचं, या फेरीत त्याच्या पुढे नसेल तर 'एक्झिट डू', बाहेर. शिवाय फेऱ्यांचा मोजणीदार, पाच हजारच्या वर गेला की बाहेर आणि मेसेज. मोजणीदार 'लाँग' या मोठ्या आकड्यांच्या प्रकारचा ठेवा, 'इंटिजर' नको, व्हीबीएचा इंटिजर ३२,७६७ पर्यंतच मोजतो, मग ओव्हरफ्लोची एरर. (एकदा त्या ओव्हरफ्लोनेच माझा अडकलेला लूप थांबला होता, ती गोष्ट वेगळी.) लूपमध्ये 'डू इव्हेंट्स' ही ओळही घाला, वर्डला श्वास घ्यायला मिळतो आणि कंट्रोल-ब्रेक ऐकू जातं. आणि स्क्रीन अपडेट बंद करणारी ओळ शेवटी घाला, मॅक्रो एकदम नीट चालायला लागल्यावर, कारण स्क्रीन बंद असली की अडकलेला मॅक्रो आणि मोठी फाईल चावणारा मॅक्रो दोन्ही सारखेच दिसतात.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी एवढंच बघा, लूपच्या आत दर वेळी 'फाइंड फर्स्ट' तर म्हणत नाही ना. पहिलं शोध म्हटलं तर तो पहिलंच शोधणार. आत 'फाइंड नेक्स्ट' पाहिजे आणि त्याला आधीच्या सापडलेल्याचा शेवट द्यायचा.

मला एका मुलाने विचारलं होतं की एवढं सगळं आहे तर वर्ड आधीच का सांगत नाही, हा मॅक्रो थांबणार नाही म्हणून. तो प्रश्न फार जुना आहे. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्ये सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की नाही हे दर वेळी बरोबर सांगणारी एकच एक पद्धत असूच शकत नाही. एखादा विशिष्ट मॅक्रो बघून आपण सांगू शकतो, 'रु' आणि 'रु.' बघून कोणीही सांगेल. सगळ्यांसाठी एक यंत्र मात्र नाही. त्यामुळे कंट्रोल-ब्रेक कुठे आहे ते शोधून ठेवणं काही सुटत नाही.

स्मरणिकेचं काय झालं ते राहिलंच. मूळ फाईल मेलमध्ये होती म्हणून वाचलो. या वेळी लूप काढून टाकला, 'रु' च्या पुढे स्पेस असेल तरच बदल असं लावलं, म्हणजे 'रु' आणि स्पेसच्या जागी 'रु.' आणि स्पेस, एकदाच, रिप्लेस ऑल. गुरुदास वाचले. मास्तरांनी पूर्ण यादी बोट लावून तपासली आणि छपाईला गेली. जत्रेदिवशी मंडपात एकजण स्मरणिका चाळत होते, माझ्याकडे बघून पान पुढे केलं, 'श्री गुरु. मंदिर रोड'. कोणीतरी टाइप करतानाच 'गुरु मंदिर रोड' असं स्पेस देऊन लिहिलं होतं.